पांढऱ्या अल्बमसाठी दोन पेट्या

१८ जानेवारी, परभणी

माळ्यावरून दहा इंची वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, जोडी खाली काढली. एका शाळेच्या स्टेजच्या पेट्यांतून निघालेली. पेट्या वाळवीनं खाल्ल्या, वूफर वाचले. मंडपाच्या धंद्यात आता दहा इंची कुणी विचारत नाही. पोरं येतात ती 'अठरा इंची किती हायेत' एवढंच विचारतात. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा पडदा, बोटानं हलकेच दाबून पाहिला, कुठं घासत नाही. मीटरवर सहा ओहमच्या जरा वर दाखवलं, म्हणजे माल आठ ओहमचाच आणि कॉइल शाबूत.

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर हेही परत माळ्यावर जाईल. घरच्या खोलीसाठी दोन पेट्या करायच्या. गाणं ऐकायला. गल्ली हलवायला नाही.

निमित्त भाच्याचं. संक्रांतीला आला आणि तिळगुळाबरोबर एक पेन ड्राइव्ह देऊन गेला. त्यात बीटल्सचा, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या इंग्रज बँडचा, १९६८ चा दुहेरी अल्बम आहे. त्याचं खरं नाव नुसतं 'द बीटल्स', पण कव्हर कोरं पांढरं असल्यामुळं सगळं जग त्याला पांढरा अल्बम म्हणतं. मी बीटल्सचा भक्त आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच त्याचं कौतुक नाही. आयटीआयला औरंगाबादला होतो (तेव्हा औरंगाबादच होतं), तिथं खोलीतल्या एका पोराकडं त्यांच्या निवडक गाण्यांची कॅसेट होती. ती इतकी वाजवली की टेप ताणून सगळ्यांचे आवाज जड झाले. मला कित्येक वर्षं तेच त्यांचे खरे आवाज वाटायचे. या अल्बममधली दोन-चार गाणी पुढं इकडून तिकडून कानावर आली, पण अख्खा अल्बम सलग कधीच ऐकला नव्हता. पन्नास वर्षं उलटून गेलेला माल, पण माझ्यासाठी कालच बाजारात आलेला.

मोबाईलवर लावला. चार गाणी झाली आणि बंद केला. एवढ्या वेगवेगळ्या जातीचं वाजवणं मोबाईलच्या भोकातून ऐकायचं म्हणजे पंगतीचं जेवण वाटीत वाढून घेणं.

२० जानेवारी

चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे आमचे सुतार. मंडपाच्या पेट्या, स्टेजच्या पायऱ्या, नवरा-नवरीच्या खुर्च्यांचे मोडलेले पाय, सगळं त्यांच्याच हातचं. माप दिलं: आतून ३० बाय ३०, उंची ५६ सेंटिमीटर. म्हणजे ५० लिटर हवा. प्लाय १८ एमएम.

"घर में सुननेकू इत्ती बडी पेटी कायकू?"

"चाचा, आवाज मोठा नाही करायचा. खालचा सूर आला पाहिजे."

खालच्या सुराला हवा लागते हे घागरीवरून सांगितलं. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकलं की ती घुमते, तेच लहान बाटलीत फुंकलं तर शिटी वाजते. पेटीला पाइप बसवतात तो म्हणजे त्या घागरीचं तोंड. ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप १२ सेंटिमीटर ठेवला तर ५० लिटरची पेटी साधारण ३७ हर्ट्झला घुमते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ. म्हणजे बीटल्सचा बेस वाजवणारा पॉल मॅकार्टनी खाली जिथवर उतरेल तिथवर पेटीची हद्द आहे. शेवटचं वाक्य चाचांनी ऐकलं नाही. ते प्लायचे थर मोजत होते. दुकानदारानं एक थर कमी दिल्याचा त्यांना संशय आहे.

२५ जानेवारी

पेट्या जोडून झाल्या, पण परभणीची थंडी अशी की फेव्हिकॉल वाळता वाळेना. दोन दिवस हात लावायचा नाही असा चाचांचा हुकूम. ऐकता येईना, तर वाचून घेतलं.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन वारला. चौघांना एकत्र धरून ठेवणारा माणूस तोच होता. पुढच्या फेब्रुवारीत सगळे ऋषिकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला. रिंगो दहा-बारा दिवसांत परत गेला. त्याचं पोट नाजूक, येतानाच डबाबंद बीन्स घेऊन आलेला. मग पॉल गेला. जॉन आणि जॉर्ज एप्रिलपर्यंत राहिले. तिथं ना स्टुडिओ ना मशीन, हातात नुसत्या साध्या गिटारी. डोनोव्हन नावाचा स्कॉटिश गायक तिथंच होता. बोटांनी एकेक तार छेडायची पद्धत जॉननं त्याच्याकडून उचलली. ध्यान राहिलं बाजूला म्हणणार नाही, पण गाण्यांचा ढीग पडला. मे महिन्यात जॉर्जच्या घरी बसून कच्च्या टेप केल्या. ३० मे ते १४ ऑक्टोबर असं साडेचार महिने रेकॉर्डिंग चाललं आणि २२ नोव्हेंबरला तीस गाण्यांचा अल्बम आला.

मला यातलं एक कळलं ते असं. आश्रमात जो तो आपल्या खोलीत बसून आपली गाणी लिहीत होता. लंडनला आल्यावरही ते तसंच राहिलं. एकाचं गाणं, बाकीचे साथीला. कधी कधी साथीलाही नाहीत.

आणखी एक. १९६० ते ६२ या काळात हे लोक जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून तयार झाले. जगात जर्मनी, भारतात परभणी! बायकोला म्हणालो, बघ, आपला संबंध निघाला. ती म्हणाली, पडवीतल्या पेट्या कधी निघायच्या ते सांगा.

२ फेब्रुवारी

आजपासून तुराबुल हक बाबांचा उरूस. पंधरवडा दुसरं काही सुचणार नाही. कर्णे, वायरी, दोन मशीन (म्हणजे अँप्लिफायर), चारही पोरं तिकडंच. पेट्यांवर चादर टाकली.

१५ फेब्रुवारी

उरूस उरकला. एक कर्णा चेपला, एक माईक गायब. दरवर्षीचंच.

संध्याकाळी वायरिंगला बसलो. क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देणारी जोडणी, अगदी साधा: ट्विटरला, म्हणजे वरच्या सुरांच्या लहान स्पीकरला, ६.८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, वूफरला ०.४५ मिलिहेन्रीची कॉइल. आठ ओहमवर दोघांची शीव ३००० हर्ट्झच्या आसपास पडते. खालचं वूफरनं सांभाळायचं, वरचं ट्विटरनं. पेटीच्या आत लावायला शहरातले लोक फायबर आणतात. मी गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला. कापसाच्या मुलखात राहून पेटीत प्लास्टिक भरायचं माझ्या जिवावर आलं. वायरींना सोल्डरचे डाग द्यायला घेतले आणि लाइट गेली. ती साडेदहाला आली.

साडेअकराला पहिलं गाणं लावलं, 'बॅक इन द यूएसएसआर'. विमानाच्या घरघरीनं सुरू होतं. विमान आलं, पण गाणं आलंच नाही. बेस कुठंच नाही. गाणारा समोर नाही, भिंतीच्या आत कुठंतरी. दुसरं गाणं, तेच. वाईट वाटलं. मग वाचलेलं आठवलं. २२ ऑगस्टला रिंगो चिडून बँड सोडून गेला होता, आणि ही पहिली दोन गाणी तो नसताना झाली. ड्रम पॉलनं वाजवले. म्हणजे ढोलाचा माणूस घरी आणि गाणं उभं कोण करणार. नोंद: मिक्स पोकळ, भांडणाच्या घरातलं.

१६ फेब्रुवारी

चूक माझी.

सकाळी दीड व्होल्टचा सेल घेऊन दोन्ही वूफरच्या टोकांना लावून पाहिला. डाव्याचा कोन बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजव्या वूफरची लाल खूण पुसली होती आणि मी अंदाजानं जोडलं होतं. एक पेटी हवा ढकलत होती तेव्हा दुसरी ओढत होती, आणि खालचा सूर दोघींच्या मध्ये मरत होता. याच गोष्टीसाठी मी गेली तीस वर्षं पोरांना फैलावर घेतोय.

वायर फिरवली. पॉल मॅकार्टनी खोलीत आला. ड्रमही काही कच्चे नाहीत, अगदी सरळ, ठासून वाजवलेत. कालची नोंद खोडत नाही. राहू दे तशीच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. सगळं सामान बाहेर. घरी दोन पेट्या आणि मी, पण मीही बाहेर.

२३ फेब्रुवारी

आज अख्खा ऐकला. तीस गाणी, त्र्याण्णव मिनिटं. मध्ये एकदा चहा, तो तबकडी बदलायच्या वेळेला घेतला असं समजायचं.

या अल्बमबद्दल जो तो एकच सांगतो की फार विस्कळीत आहे, काय वाटेल ते भरलंय. भरलंय खरं. अमेरिकन पद्धतीचा रॉक अँड रोल संपत नाही तोवर अंगाईसारखं गाणं. मग उड्या मारणारं 'ओब-ला-दी, ओब-ला-दा'. त्याला लागून 'वाइल्ड हनी पाय', ५३ सेकंदांचा वेडेपणा. पुढं जॉर्जचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स', ज्यात रडणारी गिटार बँडमधल्या कुणाचीच नाही. जॉर्जनं आपल्या मित्राला, एरिक क्लॅप्टनला, स्टुडिओत आणून वाजवायला लावलं. पाहुणा आला की भांडणारं घर जसं नीट वागतं तसे त्या दिवशी बाकीचेही नीट वागले म्हणतात. ऐकताना ते कळतं. काऊबॉयचं गाणं आहे, हार्पसिकॉर्डवरचं डुकरांचं गाणं आहे, जुन्या नाटकमंडळीच्या थाटाचं एक आहे, ब्लूज आहे आणि सरतेशेवटी आठ मिनिटं बावीस सेकंद नुसते टेपचे तुकडे.

मी मंडपवाला आहे, म्हणून मला या खिचडीचं नवल वाटलं नाही. एकाच लग्नात मी सकाळी सनई लावतो, अक्षता पडताना मंगलाष्टकांचा माईक सांभाळतो, पंगतीला जुनी गाणी हळू ठेवतो आणि वरातीला हलगीच्या वर बेस चढवतो. लग्न विस्कळीत झालं अशी तक्रार आजवर कुणी केली नाही. जेवण कमी पडलं म्हणून केलीय.

पण खरी गंमत जातीची नाही, जागेची आहे. या पेट्यांवर प्रत्येक गाण्याची खोली वेगळी ऐकू येते. धंद्यानं मला दुसरं काही दिलं नसेल, पण डोळे मिटून हॉल केवढा आहे ते सांगता येतं. 'ब्लॅकबर्ड'मध्ये एकटा पॉल, एक गिटार आणि जमिनीवर ठेका धरणारा त्याचा पाय. तो पाय मला आधी मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजणारं यंत्र, वाटला होता. आज बुटाचा तळवा ऐकू आला. 'येर ब्लूज'ला चौघं जण कंट्रोल रूमशेजारच्या एका अडगळीच्या खोलीत दाटीवाटीनं बसून वाजवत होते, आणि ते गाणं खरोखरच भिंतींना घासत येतं. त्यानंतर 'मदर नेचर्स सन' सुरू होतं तेव्हा एकदम शिवारात आल्यासारखं होतं. 'हेल्टर स्केल्टर' म्हणजे वरातीत मशीन फुल केल्यावर काटा लाल पट्टीला चिकटून बसतो तो आवाज. शेवटी रिंगो ओरडतो की माझ्या बोटांना फोड आले. आमच्या हलगीवाल्यांना हे सांगितलं पाहिजे. ते ओरडत नाहीत, चिकटपट्टी मागतात.

टेपचे तुकडे, म्हणजे 'रेव्होल्यूशन ९', चालू असताना बायको आतून आली. "मशीन बिघडली का?" नाही म्हणालो. "मग असं का करायली?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला स्वतःला ते आवडलं नाही. पण ते झाल्यावर रिंगोच्या आवाजात, व्हायोलिनांच्या लाटेवर 'गुड नाइट' आलं तेव्हा मी खुर्चीत मागं टेकलो. नुसतं ऐकलं असतं तर ते गाणं फार गोड वाटलं असतं. आठ मिनिटं कान खरवडून झाल्यावर ते गोड नाही, गार लागलं.

डुकरांचं गाणं मात्र नाही आवडलं. तिथं पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही.

२६ फेब्रुवारी

डावी पेटी खडखडायली.

'हेल्टर स्केल्टर'च्या धुमाकुळानंतर लगेच जॉर्जचं 'लाँग, लाँग, लाँग' येतं. फार हळू गाणं, म्हणून आवाज वाढवावाच लागतो. संपता संपता ऑर्गनचा सूर खाली जातो आणि त्याच क्षणी काहीतरी थरथरतं, खड्ड-ड्ड-ड्ड, काचेचं किंवा पत्र्याचं. तीनदा लावून पाहिलं. त्याच जागी, तेवढंच.

स्क्रू आवळले. अजून आहे.

२७ फेब्रुवारी

वूफर उतरवला. कडेनं सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. पाइपाभोवती एमसील भरलं. आत कॉइल हलते का पाहिलं, तिलाही चिकटवली. खडखड आहे तशीच.

मग खोलीवर संशय. शोकेसची काच, देवाचे दोन फोटो, कॅलेंडर, लोखंडी पेटीवरचं कुलूप, एकेक काढून बाहेर ठेवलं. बायकोनं विचारलं की घर सोडायचंय का. खोली उघडीबोडकी करून गाणं लावलं. ऑर्गन खाली गेला. खड्ड-ड्ड-ड्ड.

१ मार्च

चाचांना बोलावलं. त्यांनी पेटीच्या चारही अंगांवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, हकीम छाती ठोकतो तसं. मग कान लावला. मग माझ्याकडं पाहिलं.

"पेटी बराबर है."

"चाचा, वाजतंय ना पण."

"हौ, बजरा. पेटी नै बजरी."

त्यांच्या बोलण्याचा राग आला, कारण मापात काही चुकलं की ते असंच म्हणतात. डावी-उजवी बदलून पाहिली. आता उजव्या पेटीत. तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. चाचा चहा पीत बसले होते, तेच म्हणाले, पोराच्या कानातलं असतं ना, त्यात ऐक.

इअरफोन लावला. खड्ड-ड्ड-ड्ड.

इअरफोनला पेटी नसते.

भाच्याला फोन केला. तो वर्गात होता, तरी पाच मिनिटांनी त्याचा उलटा फोन आला आणि तो आधी मिनिटभर हसत होता. लेस्ली नावाची एक पेटी असते, तिच्यात भोंगा गरगर फिरतो आणि हॅमंड ऑर्गनचा सूर भोवंडत बाहेर येतो. त्या रात्री स्टुडिओत त्या पेटीवर वाइनची बाटली ठेवलेली होती. पॉलनं ऑर्गनचा एक खालचा सूर दाबला आणि बाटली थरथरायला लागली. जॉर्जनं नंतर स्वतः सांगितलंय की शेवटी जे वाजतं ते तेच. टेप चालू होती. त्यांनी ते काढलं नाही. उलट त्या थरथरीवर रिंगोचे ड्रम आहेत, जॉर्जचा लांबवलेला आवाज आहे, आणि गाणं तिथंच एका ठोक्यावर संपतं.

म्हणजे १९६८ च्या ऑक्टोबरातली लंडनची बाटली शोधायला मी परभणीत देवाचे फोटो काढून ठेवले.

चाचांना सांगितलं.

"बाटली? दारू की?"

"हौ, चाचा."

"तभी." आणि बशी खाली ठेवून उठले.

२ मार्च

रात्री परत लावलं, फक्त ते एक गाणं, तीनदा. आधी ती खडखड मला दोष वाटत होती म्हणून मी गाणं ऐकतच नव्हतो, वाटच पाहत होतो. आज ऐकलं. जॉर्ज इतका हळू गातो की शब्दांपेक्षा श्वास जास्त ऐकू येतो, आणि मध्येच ड्रम दार ठोठावल्यासारखे येतात. भाचा म्हणतो की हे देवाला उद्देशून आहे, बाईला नाही. मला गंगाखेड आठवलं, जनाबाईचं गाव, आणि तिथल्या कीर्तनात बुवांनी विठ्ठलाला घातलेली हाक. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी सापडलंय, असा तो सूर आहे. अल्बममध्ये याची चर्चा फार कमी होते असं दिसतं. क्लॅप्टनवालं गाणं सगळं कौतुक घेऊन जातं.

माझ्या लेखी अल्बममधलं एक नंबरचं गाणं हे. बाटलीसकट.

८ मार्च

भाचा आला. आल्या आल्या पेट्यांना हात लावून पाहिला, चाचांच्या कडांचं कौतुक केलं आणि मग वादाला बसला.

त्याचं म्हणणं असं की तीस गाणी जास्तच. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचंही मत होतं की यातून चौदा-सोळा निवडून एकच जबरदस्त अल्बम करायला हवा होता. भाच्यानं मोबाईलवर तशी चौदा गाण्यांची यादीच करून आणली होती. ती लावली. एकापाठोपाठ एक नामी गाणी, कुठं खाचखळगा नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपली.

"बघा मामा, कसं गच्च झालं."

गच्च झालं खरं. निवडक गाण्यांच्या माझ्या त्या जुन्या कॅसेटसारखं झालं. आणि त्यात 'लाँग, लाँग, लाँग' नव्हतं.

"ते काढलं कामून?"

"हळू आहे फार. लोक पुढं ढकलतात."

मग मी तापलो. त्याला म्हणालो, जॉर्ज मार्टिन मोठा माणूस, त्याचा कान माझ्यापेक्षा हजार पटीनं चांगला, पण कात्री चालवायला बसला की माणूस पहिल्यांदा हळू गाणी कापतो, मग लहान, मग ज्यात काहीतरी खडखडतं ती. उरतं ते सगळं एकाच उंचीचं. 'हेल्टर स्केल्टर'नंतर ते हळू गाणं नसेल तर आवाज वाढवायला तू उठणार नाहीस, पेटीजवळ जाणार नाहीस, आणि बाटली तुला ऐकू येणार नाही.

"पण 'वाइल्ड हनी पाय' तर काढू द्या."

यावर मी थोडा अडलो. ते गाणं मला आवडत नाही. पण त्याच्या यादीत 'ओब-ला-दी'ला लागून थेट क्लॅप्टनची गिटार येत होती, आणि ती गिटार मला पहिल्यांदाच उगाच दुःखी वाटली. मध्ये ते येडपट मिनिटभर पाहिजे. गावजेवणात भजं आणि बुंदी यांच्यात मिठाची चिमूट कुणी खायला म्हणून वाढत नाही.

डुकरांच्या गाण्याबद्दल मात्र मी त्याच्या बाजूनं मत दिलं. बायकोनं पक्ष्याचं आणि झोपेचं, ही दोन ठेवा, बाकीची न्या, असं स्वयंपाकघरातून सांगितलं. म्हणजे ती इतके दिवस ऐकत होती.

रिंगो दोन आठवड्यांनी परत आला तेव्हा जॉर्जनं त्याचे ड्रम फुलांनी सजवून ठेवले होते, ही गोष्ट भाच्यानं जेवताना सांगितली. आमच्याकडं ढोलकीवाला रुसला की आगाऊ रक्कम द्यावी लागते.

१५ मार्च

बाटलीनंतर मला एक नवीन खोड लागली. जे काही खटकेल ते रेकॉर्डातच आहे असं म्हणून सोडून द्यायची. 'हनी पाय'मध्ये जुन्या तबकडीची खरखर ऐकू आली, शोधलं, तर ती त्यांनी मुद्दाम घातलेली. 'सॅव्हॉय ट्रफल'मधले सॅक्सोफोन कानाला फाटल्यासारखे लागले, तर जॉर्जनं ते सांगून फाडून घेतलेले. वाजवणाऱ्यांनी नीट, स्वच्छ वाजवलं होतं. झालं, मी पेट्यांना माफीच देऊन टाकली.

पण आज दुपारी 'ब्लॅकबर्ड' लावलं तर तारेच्या प्रत्येक छेडीला टाचणी टोचल्यासारखं होतंय. ते काही पॉलनं केलेलं नाही. ट्विटर वूफरपेक्षा जोरात बोलतोय. मंडपातले ट्विटर तसेच असतात, दोनशे माणसांच्या गोंगाटातून पलीकडं जायला बनवलेले. दहा बाय बाराच्या खोलीत ते अंगावर येतात.

ट्विटरला २.२ ओहमचा रेझिस्टन्स लावला. फरक पडला, पुरेसा नाही. ३.३ लावला. आता तार तारेसारखी, आणि 'सॅव्हॉय ट्रफल' लावून पाहिलं तर सॅक्सोफोन तरीही फाटलेलेच. म्हणजे दोन्ही बरोबर. वूफर-ट्विटरची शीव यामुळं थोडी सरकली असणार, पण कान म्हणतो ठीक आहे. कंडेन्सर नंतर बदलता येईल.

ऊन वाढलंय. दुपारी खोलीत बसवत नाही. पेट्यांवर ओला टॉवेल वाळत घातलेला सापडला, त्यावरून थोडं बोलणं झालं.

२३ मार्च

भाच्यानं दुसरा पेन ड्राइव्ह पाठवला. अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, मूळ टेपांवरून सगळी गाणी नव्यानं मिसळली गेली. ते काम केलं जाइल्स मार्टिन यांनी, म्हणजे एकच अल्बम करा म्हणणाऱ्या जॉर्ज मार्टिन यांच्या मुलानं. बरोबर जॉर्जच्या घरातल्या त्या कच्च्या टेपाही दिल्यात. त्या मी अजून ऐकल्या नाहीत, एका वेळी एकच काम.

नवं मिश्रण जवळचं आहे. बेस भरीव, ड्रम मधोमध. जुन्यात वाद्यं दोन भिंतींना टेकून बसलेली असतात, इथं सगळे खोलीच्या मध्ये येऊन बसलेत. 'डिअर प्रूडन्स' तर या पेट्यांवर असं चढत गेलं की मी मशीनचा काटा बघायला उठलो. काही ठिकाणी मला जुनंच बरं वाटलं. 'येर ब्लूज'ची अडगळीची खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटली.

पण मी लावलं होतं दुसऱ्याच कारणासाठी. 'हेल्टर स्केल्टर' सरलं, हळू गाणं सुरू झालं, मी उठून आवाज वाढवला आणि पेटीला कान लावून बसलो. आजच्या मशीनवर एक खडखड पुसायची म्हणजे पोरांचा खेळ आहे. आमच्या गल्लीतला पोरगा लग्नाच्या व्हिडिओतून कुत्र्याचं भुंकणं काढून देतो.

ऑर्गन खाली गेला. बाटली वाजली. आधीपेक्षा स्पष्ट.

डाव्या पेटीला पॉलिशचा दुसरा हात राहिलाय. चाचा म्हणतात, एप्रिल लागू दे, एका दुपारीत वाळेल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी दोन मशीन आणि बारा पेट्यांचं बुकिंग घेतलंय. वायरी तपासायला पोरांना उद्या आठ वाजता गोदामात बोलावलं. सगळ्यांना येताना दीड व्होल्टचा एकेक सेल आणायला सांगितलाय.